इंधनाच्या वाटेत अडकलेले आयुष्य : रुडॉल्फ डिझेल

ऊर्जानगर (चंद्रपूर) : येथील महाऔष्णिक वीज केंद्रात खाणीतून आलेला कोळसा ढेकळांच्या रूपात जाळला जात नाही. तो गिरण्यांमध्ये पिठासारखा बारीक दळला जातो. इतका, की त्याचा सुमारे ७० टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून सहज खाली पडावा. ही भुकटी हवेच्या झोताबरोबर बॉयलरच्या भट्टीत सोडली जाते आणि तेथे ती वायूसारखी पेट घेते. २९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्राचा सारा डोलारा इंधन योग्य जागी, योग्य प्रमाणात आणि अखंड पोहोचण्यावर उभा आहे. १८९० च्या दशकात जर्मनीतील एका अभियंत्याने हीच कोळशाची भुकटी थेट इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाळण्याचे स्वप्न पाहिले होते. ते त्याला साधले नाही. मात्र त्या खटपटीतून जे इंजिन जन्माला आले, त्याने जगभरातील जहाजे, रेल्वेगाड्या, ट्रक आणि शेतातील पंप चालवले. रुडॉल्फ डिझेल हे त्या अभियंत्याचे नाव. इंधनाच्या पंपावर रोज उच्चारला जाणारा हा शब्द एका माणसाचे आडनाव आहे आणि त्या माणसाचा अंत समुद्रात झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

निर्वासिताचे बालपण

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मात्र जर्मन. वडील थिओडोर हे ऑग्सबर्गचे. पुस्तकबांधणीचे काम करणारा हा कारागीर पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवून संसार चालवीत असे. घरची परिस्थिती बेताचीच होती.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यानेच ऑग्सबर्गला, काकाकाकूंकडे पाठवण्यात आले. काका ख्रिस्टोफ बार्निकेल तेथील तंत्रशाळेत गणित शिकवीत. बोलण्यात फ्रेंच वळण असलेला हा मुलगा त्यांच्या घरात रमला आणि १४ व्या वर्षी त्याने अभियंता होण्याचा निश्चय आईवडिलांना कळवून टाकला.

ऑग्सबर्गच्या शाळेत काचेच्या नळीतील एक छोटे उपकरण होते. नळीतील दट्ट्या जोराने आत ढकलला की आतील हवा दाबली जाऊन तापे आणि तळाशी ठेवलेला कापूस पेट घेई. काडी नाही, ठिणगी नाही, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने लागलेली आग. डिझेल यांच्या पुढील आयुष्याचे बीज या नळीत असल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात.

शिंकाळ्यातला दहावा हिस्सा

शिष्यवृत्ती मिळवून डिझेल म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाले. तेथे कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे शिक्षक होते. कृत्रिम बर्फ आणि शीतकरणाच्या यंत्रांचे लिंडे हे प्रवर्तक. विषमज्वरामुळे डिझेल यांची अंतिम परीक्षा लांबली. पण जानेवारी १८८० मध्ये ते उच्च गुणांनी उत्तीर्ण झाले. लिंडे यांच्या वर्गात त्यांना एक गोष्ट खटकली होती. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावते आणि उरलेली सारी उष्णता वाया जाते. ही उधळपट्टी कशी थांबवावी, हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधी गेलाच नाही.

पदवीनंतर ते पॅरिसला लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यात रुजू झाले आणि लवकरच त्याचे व्यवस्थापक बनले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे दोन मुलगे व एक मुलगी असा परिवार झाला. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा क्रम दहा वर्षे चालला. वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहण्याचे त्यांचे प्रयोग फसले. १८९० मध्ये ते बर्लिनला आले, तेव्हा त्यांच्या हाती ठोस असे काही नव्हते.

मग शाळेतल्या त्या नळीचे तत्त्व त्यांनी गणितात मांडले. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती प्रचंड दाबायची आणि तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी इंधन सोडायचे. ते आपोआप पेटेल. २८ फेब्रुवारी १८९२ या तारखेचे जर्मन पेटंट त्यांना मिळाले. त्यांच्या मूळ हिशेबात हवेचा दाब २५० वातावरणापर्यंत जात होता. त्या काळातील कोणताही कारखाना असे यंत्र बनवू शकत नव्हता. टीका झाल्यावर त्यांनी आकडे खाली आणले. अखेर ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे संचालक हाइन्रिश फॉन बुझ यांनी प्रयोगाला जागा दिली आणि एसेनच्या क्रुप कंपनीने पैसा पुरवला.

ऑग्सबर्गची चार वर्षे

कागदावरचे गणित आणि लोखंडातले यंत्र यांत किती अंतर असते, ते या चार वर्षांत दिसले. पहिले इंजिन माणसाच्या दुप्पट उंचीच्या जवळ जाणारे, सुमारे तीन मीटर उंच होते. सिलिंडरचा व्यास १५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ४०० मिलिमीटर. १० ऑगस्ट १८९३ रोजी कारखान्याच्या पट्ट्याने ते फिरवून त्यात इंधन सोडण्यात आले. इंधन पेटले. मात्र त्या स्फोटाने दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि शेजारी उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. इंजिन स्वतःच्या बळावर फिरले नाही. दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतर सुरू झाली दुरुस्तीची लांबलचक साखळी. दट्ट्याच्या कड्यांतून हवा निसटत होती, म्हणून कड्या बदलल्या. झडपा नीट बसत नव्हत्या, म्हणून त्या बदलल्या. हे सुधारले, तेव्हा खरी अडचण उघडी पडली. ती होती इंधन आत पोहोचवण्याची. सिलिंडरमध्ये ३० वातावरणाहून अधिक दाब असताना, दट्ट्या वर पोहोचल्याच्या क्षणी, थेंबभर इंधन धुक्यासारखे फवारायचे होते. थेट पंपाने ते ढकलण्याचा प्रयत्न केला, तर इंधन कधी कमी जाई, कधी जास्त. कधी फवारा न होता धार पडे आणि काळा धूर निघे. इतक्या अल्प मात्रेचे अचूक माप घेणारा पंप बनवण्याइतके सूक्ष्म काम त्या काळच्या यंत्रशाळांत होत नव्हते.

डिझेल यांनी वळसा घेतला. सिलिंडरमधील दाबापेक्षाही जास्त दाबाची हवा वेगळ्या कॉम्प्रेसरने तयार करायची आणि त्या हवेच्या झोताने इंधन आत उडवायचे. ही युक्ती लागू पडली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन सुमारे मिनिटभर स्वतःच्या बळावर फिरले. ८८ फेरे झाले. आतापर्यंत इंजिनाला ओढणारा पट्टा सैल पडून उलट इंजिनच त्याला ओढू लागले आहे, हे प्रथम तेथील मेस्त्रीच्या लक्षात आले. त्याने न बोलता डोक्यावरची टोपी काढल्याची आठवण सांगितली जाते.

पुढील तीन वर्षे फवारे, नळ्या, झडपा आणि इंधने बदलून पाहण्यात गेली. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्युनिकचे प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. रॉकेलवर चालणारे हे इंजिन मिनिटाला सुमारे १५४ फेऱ्यांवर जवळपास १८ अश्वशक्ती देत होते आणि इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करीत होते. वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत ही झेप विलक्षण होती. ते यंत्र आजही म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहे.

विक्री आधी, भरवसा नंतर

येथेच डिझेल यांच्या आयुष्यातील निर्णायक चूक झाली. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे इंजिन आता कोणत्याही कारखान्यात, कोणत्याही कामगाराच्या हाती चालेल, असे त्यांनी गृहीत धरले. हक्क विकत घेण्यासाठी उद्योगपतींची रीघ लागली. अमेरिकेतील मद्यनिर्माते अडॉल्फस बुश यांनी तेथील हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. चाळिशी गाठण्यापूर्वीच डिझेल लक्षाधीश झाले.

१८९८ मध्ये केंप्टन येथील आगपेटीच्या कारखान्यात ६० अश्वशक्तीचे पहिले व्यावसायिक इंजिन बसले आणि तक्रारी सुरू झाल्या. इंधन फवारणाऱ्या भागाची बारीक जाळी तुंबे. कॉम्प्रेसर बंद पडे. प्रत्येक वेळी ऑग्सबर्गहून माणूस पाठवावा लागे. इतर ग्राहकांचेही अनुभव वेगळे नव्हते. अखेर जाळीच्या जागी चकत्यांचा फवारा आला आणि ऑग्सबर्गच्या अभियंत्यांनी एकेक दोष निस्तरून इंजिनाला भरवशाचे बनवले. त्यात काही वर्षे गेली. तोवर डिझेल यांच्या नावाला व्हायचा तो उपसर्ग झाला होता. त्यांच्या नावाने ऑग्सबर्गमध्ये उभा राहिलेला स्वतंत्र कारखाना चालला नाही. इंग्लंडच्या हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांचे मिळतेजुळते इंजिन आधीचे आहे, असा दावा करणारेही होते. अतिश्रम आणि पेटंटचे वाद यांमुळे प्रकृती ढासळून डिझेल यांना आरोग्यधामात राहावे लागले.

कोळशाची भुकटी आणि शेंगदाण्याचे तेल

पेटंटमध्ये डिझेल यांनी घन, द्रव आणि वायू अशी सर्व इंधने गृहीत धरली होती. त्यांत कोळशाच्या भुकटीवर त्यांचा विशेष जीव होता, कारण जर्मनीत कोळसा मुबलक आणि खनिज तेल दुर्मीळ. प्रयोगांत मात्र भुकटीने हार पत्करायला लावली. कोळशातील राख कठीण असते. ती सिलिंडर व दट्ट्या यांच्यामध्ये शिरली की दोन्ही घासून काढते. तिचे अचूक माप घेणेही अवघड.

ऊर्जानगरच्या बॉयलरमध्ये तीच भुकटी चालते, याचे कारण सोपे आहे. तेथे घासणारा दट्ट्या नाही, राख खाली पडायला व धुराबरोबर निघून जायला जागा आहे आणि ज्वाला सतत पेटलेली असते. इंजिनात ती दर फेरीला नव्याने पेटवावी लागते. तरीही थंड भट्टी आधी तेलाच्या फवाऱ्याने तापवल्यावाचून भुकटीला हात घालता येत नाही. तेल बारीक फवारले गेले नाही, तर येथेही धूरच निघतो.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून ओटो कंपनीचे एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. आफ्रिकेतील वसाहतींना स्वतःच्या शेतातील इंधन वापरता यावे, हा हेतू होता. वनस्पती तेलाला पुढे महत्त्व येईल, असे मत डिझेल यांनी १९१२ मध्ये व्याख्यानांतून मांडले. जैवइंधनाची चर्चा सुरू झाली की या प्रयोगाचा उल्लेख आजही होतो.

मोठे घर, रिकामी तिजोरी

म्युनिकमध्ये डिझेल यांनी भव्य बंगला बांधला. मात्र यंत्राचा हिशेब दशांशापर्यंत मांडणाऱ्या या माणसाला पैशाचा हिशेब जमला नाही. गॅलिशियातील तेलक्षेत्रे आणि म्युनिकमधील जमिनी यांत घातलेला पैसा बुडाला. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारी मालकीचा विचार मांडणारे पुस्तक लिहिले. दहा हजार प्रती छापल्या. खपल्या सुमारे तीनशे. आपले इंजिन लहान कारागिराला मोठ्या भांडवलदारापासून मुक्त करील, अशी त्यांची मूळची आशा होती. प्रत्यक्षात ते इतके अवजड आणि महाग होते, की मोठ्या उद्योगांनाच परवडले.

जहाजांना मात्र हा अवजडपणा खटकला नाही. १९१२ मध्ये डेन्मार्कचे 'सेलांडिया' हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले आणि बंदराबंदरांत लोक धुरांडे नसलेले जहाज पाहायला जमले. रस्त्यावरच्या वाहनांत इंजिन बसवण्याची धडपड डिझेल यांनी १९०८ च्या सुमारास केली. ट्रकसाठी लहान इंजिन तयारही झाले. परंतु हवेचा कॉम्प्रेसर कोठे बसवायचा, हा पेच सुटला नाही. इंधन पोहोचवण्यासाठी १८९४ मध्ये घेतलेला वळसा आता रस्ता अडवून उभा होता.

'ड्रेस्डेन' बोटीवरची रात्र

२९ सप्टेंबर १९१३ रोजी सायंकाळी डिझेल अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडला निघाले. बरोबर बेल्जियमचे उद्योगपती जॉर्ज कारेल्स आणि त्यांचे अभियंता होते. इप्सविच येथील नव्या कारखान्याच्या कामासाठी हा प्रवास होता. तिघांनी एकत्र जेवण घेतले. रात्री दहाच्या सुमारास डिझेल आपल्या खोलीकडे गेले आणि सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. त्यांची टोपी आणि घडी घातलेला कोट बोटीच्या कठड्याजवळ सापडला.

दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. तो ओळखण्यापलीकडे गेला होता. खिशातील पाकीट, चष्म्याचे घर, चाकू अशा वस्तू काढून घेऊन मृतदेह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्या असल्याचे ओळखले. डिझेल तेव्हा ५५ वर्षांचे होते. त्यांच्यावर फेडता न येण्याजोगे कर्ज होते, हे नंतर उघड झाले. आत्महत्या, अपघात आणि युद्धाच्या उंबरठ्यावरील युरोपात झालेला घातपात, असे तर्क तेव्हापासून आजवर लढवले जात आहेत. बहुतेक चरित्रकारांचा कल पहिल्या शक्यतेकडे आहे.

अखेर पंप सापडला

डिझेल यांना न सुटलेला प्रश्न त्यांच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी सुटला. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२२ मध्ये काम हाती घेतले आणि १९२७ च्या अखेरीस इंधन फवारणी पंपांचे नियमित उत्पादन सुरू केले. या पंपात बोटाएवढ्या दट्ट्यावर तिरकी खाच असते. दट्ट्या किंचित फिरवला की इंधनाची मात्रा बदलते. मायक्रॉनमध्ये मोजावी लागणारी ही जुळणी १८९३ मध्ये अशक्य होती. कॉम्प्रेसर गेला, इंजिन लहान झाले आणि १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची '२६० डी' ही डिझेलवर चालणारी मोटार बाजारात आली. भारतात १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९५१ मध्ये बेंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच 'मायको', स्थापन झाली. शेतातील डिझेल इंजिन आणि 'मायको'चे पंप-नोझल हे शब्द मग खेडोपाडी पोहोचले.

जुन्या गाडीसमोर तोच प्रश्न

डिझेल यांच्या अडचणीची प्रचीती जुनी गाडी बाळगणाऱ्यांना आजही येते. एके काळी पेट्रोलच्या जुन्या जीपचे इंजिन काढून डिझेलचे बसवण्याची पद्धत देशभर रूढ होती. इंजिन चांगले, पंप नवा, तरीही गाडी सुरू होऊन पाच मिनिटांत बंद पडते, असा अनुभव अशा गाड्यांत हमखास येतो. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या जंगलातील रस्त्यावर हे घडले, तर प्रसंग कठीण.

असा दोष बहुधा नव्या पंपात नसतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत असतो. पेट्रोलच्या काळातील टाकीत साचलेला गंज सुटून तळाची जाळी तुंबवतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद असेल, तर आत पोकळी तयार होऊन डिझेल पुढे सरकत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना बहुधा परतीची नळी नसते; डिझेल इंजिनात नोझलमधून उरलेले इंधन टाकीत परतावेच लागते. सर्वांत फसवा दोष म्हणजे नळीने हवा घेणे. ओढणाऱ्या बाजूचा सांधा सैल असला, तरी तेथून डिझेल गळतेच असे नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. सांधा उघडल्यावर जुनीच तांब्याची वायसर पुन्हा बसवली, की हा प्रकार होतो.

जाणकार फिटर म्हणूनच एका टोकापासून सुरुवात करतो. फीड पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. स्वच्छ डब्यातून, थोडे उंचावरून, वेगळ्या नळीने डिझेल दिले आणि गाडी नीट चालली, तर दोष टाकी व जुन्या नळ्यांत आहे हे ठरते. फिल्टरच्या तळाचे पाणी सोडावे लागते. त्यानंतर आधी फिल्टरचा, मग पंपाचा स्क्रू सैल करून हातपंपाने हवा काढायची आणि शेवटी नोझलच्या नळ्या. पंप उतरवून पुन्हा बसवला असेल, तर टायमिंगच्या खुणा जुळवणे अनिवार्य. एक दाता इकडेतिकडे झाला तरी इंजिन पांढरा धूर सोडते किंवा ठोके देते. नोझलचा फवारा मात्र हाताने कधीही तपासू नये. तो कातडी भेदून आत जातो आणि वरवर लहान दिसणारी ही इजा गंभीर ठरते.

एका वेळी एकच भाग बदलावा, त्याचा परिणाम पाहावा आणि मगच पुढच्या भागाला हात लावावा, ही शिस्त ऑग्सबर्गच्या चार वर्षांत डिझेल यांनी पाळली होती. त्या प्रयोगांच्या, विशेषतः फसलेल्या प्रयोगांच्या, नोंदी त्यांनी जपून ठेवल्या. इंजिनाच्या जन्माची ती हकिगत पुस्तकरूपाने १९१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी प्रसिद्ध झाली.